पांढऱ्यातलं पिवळं

मास्तरांच्या हृदयात काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मास्तरांनी मशीनला दोष दिला. रक्तदाब मोजायचं ते मशीन त्यांच्या लेकीने पाठवलं होतं. मास्तरीणबाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, बटण दाबलं, पट्टा फुगला, फुसफुसला, आणि आकडा यायच्या जागी नुसती चूक दाखवणारी खूण आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाईंनी स्वतःच्या दंडाला बांधून पाहिलं तर आकडा आला. शेजारणीला बोलावून तिच्या दंडाला बांधलं, तिचाही आला.

"मग मशीनच बिघडलंय," मास्तर म्हणाले.

दोघींचा आकडा बरोबर येतो, यांचा एकट्याचा येत नाही, म्हणून मशीन बिघडलेलं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. संसाराला एकतीस वर्षं झाली होती आणि कपाळाला आता त्याची सवय होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. रंगाच्या दुकानात मागच्या खोलीत बसून रंग मिसळणाऱ्या माणसाला सगळा गाव मास्तर म्हणायचा, आणि त्यामुळे घरी बसून पडदे शिवणाऱ्या त्यांच्या बायकोला फुकटात मास्तरीणबाई ही पदवी मिळाली होती. दुकानाच्या त्या खोलीला एकच खिडकी. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर गडद रंगांच्या बाटल्यांची रांग, ढवळायच्या काड्या, आणि रंग वाळवून बघायला एक केस वाळवायचं यंत्र, ज्याने आजवर एकही केस वाळवला नव्हता. लोक यायचे ते कुणी उशी घेऊन, कुणी तुटकी बशी घेऊन, कुणी कोटाचं बटण घेऊन: असाच रंग पाहिजे. मास्तर त्या वस्तूकडे एकदा बघायचे आणि ती परत देऊन टाकायचे. पुन्हा बघायची गरज नाही. पांढऱ्या रंगाच्या डब्यात एक थेंब काळा, दोन थेंब तांबूस, ढवळ, कागदावर बोट फिरव, वाळव, बघ, अजून एक थेंब. रंगछटांची छापील कार्डं खिळ्याला टांगलेली असायची, पण त्यांना मास्तर हात लावत नसत. कार्ड लावून रंग मिळवणं हे त्यांच्या मते पुस्तकात बघून परीक्षा देण्यासारखं होतं. सहा वर्षांपूर्वी कुणाच्या जिन्याला कुठला पांढरा दिला होता हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. जिना रंगवणारा विसरायचा, जिन्याचा मालक विसरायचा, मास्तर विसरत नसत.

आता इतकी नजर असलेला माणूस घरात असणं हे सुख आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आठवडाभर बाईंच्या घरी राहून बघावं. पांढरा रंग एक नसतो, अकरा असतात, हे बाईंना लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं. पडद्याला अस्तर लावलं की मागून आवाज यायचा, "हे जुळत नाहीये." नवा टॉवेल आणला की "हा तर मळकाच आहे." लेकीच्या लग्नात नवरा मुलगा मांडवात आला तेव्हा सगळे त्याचा चेहरा बघत होते आणि मास्तर त्याच्या सदऱ्याची आणि जाकिटाची छटा बघत होते. आणि या सगळ्यात, बायको रोज आठ तास कापडात हात घालून बसते, तिलाही दोन डोळे आहेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाईंनी त्यांना अक्षरशः ओढत हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे बारीक चणीची, चष्मा लावणारी, लेकीच्याच वयाची बाई. तिने छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली आणि दोघांपुढे धरली. पट्टीवर टोकदार रेघा होत्या. दोन जवळजवळ, मग मोठी फट, मग तीन एकदम, मग पुन्हा फट. ती म्हणाली की हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी नीट आकुंचन पावायला हवं, पण काकांचे नुसतेच थरथरताहेत, आणि खालच्या कप्प्यांना कसेही, कधीही इशारे जाताहेत. म्हणून नाडी धावते आणि तिला ताल नाही. मशीनला आकडा देता येत नव्हता तो याचसाठी.

मग तिने कारणं शोधायला घेतली. दारू? नाही. तंबाखू? नाही. चहा? मोजून दोन कप. रात्री घोरता का, श्वास अडकतो का? याचं उत्तर बाईंनी दिलं: घोरतात, पण अडकत मात्र कुठेच नाहीत. गळ्यातल्या थायरॉइडसाठी रक्त तपासलं, ते बरोबर निघालं. हृदयाची सोनोग्राफी केली. झडपा ठीक होत्या, पण भिंती जाड झालेल्या आणि वरचा डावा कप्पा ताणलेला. डॉक्टरने विचारलं की रक्तदाब किती वर्षांपासून आहे. मास्तर छताकडे बघायला लागले. सहा वर्षांपूर्वी त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सांगितल्या होत्या आणि त्या त्यांनी दोन महिने घेऊन, बरं वाटतंय म्हणून, बंद केल्या होत्या. बाईंना हे त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा कळलं. त्या नवऱ्याकडे अशा बघायला लागल्या की डॉक्टरने घाईघाईने औषधांचा कागद पुढे ओढला.

औषधं तीन. एक रक्त पातळ ठेवायचं, कारण थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की माणूस अर्ध्या अंगाने लुळा पडतो. दुसरं रक्तदाबाचं, त्याने लघवी जास्त होते. तिसरं नाडीचा वेग कमी करणारं. त्यातल्या तिसऱ्या औषधाची आधी दिलेली गोळी त्यांना सोसली नाही. रंगाच्या वाफांनी छाती आधीच वाजत होती, ती आठ दिवसांत शिट्ट्या मारायला लागली. मग डॉक्टरने ती बंद करून दुसरी दिली. छोटी, पांढरी. देताना ती थांबली आणि म्हणाली, "काका, ही जुनी आणि चांगली गोळी आहे, पण हिच्या औषधात आणि विषात फार अंतर नाही. रोज एक. एकच. आधी नाडी मोजायची. साठच्या खाली असेल तर घ्यायची नाही आणि मला फोन करायचा. तीन आठवड्यांनी रक्त तपासायला या."

मास्तरांनी यातलं काय ऐकलं? तर नाडी मोजायची आणि त्याप्रमाणे गोळी ठरवायची, एवढंच. माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो तो असा.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी खुर्चीत ताठ बसून मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी मोजायचा कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही, शिवणयंत्र चालवायचं नाही, नळसुद्धा सोडायचा नाही. आकडा ते मोठ्याने सांगायचे, जणू काही तो त्यांनी स्वतः कमावलाय. बाईंनीही सुरुवातीला सोसलं. निदान काहीतरी डॉक्टरचं ऐकतोय, म्हटलं, माणूस. रक्त तपासायची तारीख आली तेव्हा मात्र मास्तर म्हणाले की रंग जमल्यावर डबा पुन्हा कुणी उघडत नाही. बाई दोनदा बोलल्या, तिसऱ्यांदा गप्प बसल्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतून हात दुखतात, घडा भरत नाही.

महिनाभराने मास्तरांची भूक गेली. ताटात बघून तोंड वाकडं करायचे, मळमळतं म्हणायचे, आणि दोष बाईंच्या हाताला. मग दुधाची पाळी आली. दूध पिवळट का? दूधवाला बदलला. नव्याचंही पिवळट. मग चादरी. तुझा साबण चांगला नाही, बघ कशा पिवळ्या पडल्यात. बाईंनी चादरी तीनदा नीळ घालून धुतल्या, इतक्या की त्यांना स्वतःला त्या आभाळासारख्या दिसायला लागल्या, तरी मास्तरांचं समाधान नाही. ट्यूबलाइट बदलली, तीही दोनदा. "यांना सगळं जग धुऊन पाहिजे," बाई शेजारणीला म्हणाल्या. त्यांना वाटलं, म्हातारपण लागलं. चिडचिड वाढते म्हणतात.

तेवढ्यात दुकानात राडा झाला. चार मजल्यांच्या एका इमारतीच्या जिन्याला दुधाळ पांढरा रंग द्यायचा होता. तोच, जो सहा वर्षांपूर्वी दिला होता. मास्तरांनी नेहमीप्रमाणे आठवणीने तीस डबे मिसळून दिले. रंगाऱ्यांनी दोन मजले रंगवले आणि ठेकेदार दुकानात येऊन उभा राहिला. जिना निळा दिसत होता. लोक विचारत होते की दवाखाना काढताय का. मास्तरांनी कंपनीला दोष दिला. म्हणे हल्ली मूळ पांढऱ्यातच पिवळं घालतात, म्हणून आपल्याला निळा जास्त घालावा लागला. मालक तरुण होता. त्याच्या वडिलांनी मास्तरांना कामावर ठेवलं होतं, त्यामुळे तो काही बोलला नाही. पण रंग मिसळायच्या मशीनची माहिती देणारं एक पुस्तक त्याच्या टेबलावर पडून असायचं, ते त्या दिवसापासून उघडं दिसायला लागलं. हे मास्तरांनीच घरी येऊन सांगितलं, आणि सांगून झाल्यावर जेवले नाहीत.

आणि मग मास्तर तक्रार करायचे थांबले.

दूध आलं, प्यायले. चादर घातली, झोपले. बाईंनी मुद्दाम एका पडद्याला नको ते अस्तर लावून तो त्यांच्या समोर पसरला. मास्तर बघून न बघितल्यासारखं करून पुढे गेले. एकतीस वर्षं ज्या बडबडीने बाईंचं डोकं उठलं होतं ती बंद झाली, आणि बाई घाबरल्या.

दोन दिवसांनी बाई यंत्रावर बसल्या होत्या, मांडीवर जड पडदा. हात पोचत नव्हता म्हणून त्यांनी मास्तरांना रिळांच्या डब्यातून पांढरं रीळ द्यायला सांगितलं. डब्यात पांढरं होतं, मोतिया होतं, साय रंगाचं होतं. एरवी मास्तरांनी न बघता उचललं असतं आणि वर शेरा मारला असता. त्या दिवशी ते डब्यावर वाकून उभे राहिले. बराच वेळ. एक रीळ उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. मग खिडकीकडे पाठ करून त्यांनी रीळ उलटं केलं आणि बुडाच्या चिठ्ठीवर छापलेला छटेचा नंबर वाचला.

बाईंनी यंत्रावरून पाय काढला.

"तुम्हाला दिसत नाहीये का?"

"दिसतंय की."

"मग नंबर कशाला वाचताय?"

मास्तर खुर्चीत बसले. मग म्हणाले की सगळं पिवळं दिसतंय. सगळ्या पांढऱ्यावर चहा सांडल्यासारखं. कधी दिव्याभोवती कडं दिसतं. दुकानात गेला आठवडाभर ते दार लावून, चोरून, खिळ्यावरची कार्डं काढून रंग जुळवत होते. कार्ड आणि रंग दोन्ही सारखेच पिवळे दिसतात, त्यामुळे कसंबसं जमतं. पण आठवणीने करायला गेलं की फसतं. बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढताच ते उठून उभे राहिले. घराबाहेर एक शब्द जाता कामा नये. मालकाच्या कानावर गेलं की मशीन आलंच म्हणून समज. रंगाच्या दुकानात नजर गेलेला माणूस ठेवून करणार काय? शपथ घे. बाईंनी तेव्हा, त्यांचा चेहरा बघून, शपथ घेतली. आयुष्यात त्यांनी बरेच मूर्खपणे केले होते, त्यात हा सगळ्यात मोठा.

त्याच आठवड्यात औषधाच्या दुकानात गोळ्या घ्यायला गेल्या तर दुकानदार म्हणाला, "काकू, ही पांढरी गोळी या वेळी आठ दिवस आधीच संपली. मागच्या वेळीही आधी संपली होती. पडतात का कुठे?" बाई घरी येऊन मास्तरांसमोर उभ्या राहिल्या. मास्तरांनी अगदी सहज सांगितलं. नाडी नव्वदच्या वर लागली की ते अर्धी गोळी जास्त घेत. दुपारी पुन्हा बघत. तरी जोरात असेल तर आणखी अर्धी. एखादा थेंब कमी पडला की आपण घालतोच की नाही? त्यांनी डॉक्टरला फोनसुद्धा केला नव्हता, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी त्या बाईला कशाला त्रास. आणि हेच मास्तर गेली तीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येक नवशिक्या रंगाऱ्याला सांगत आले होते की रंग कमी असला तर वाढवता येतो, जास्त झालेला काढता येत नाही.

बाईंनी त्या दिवशी तोंडाचा पट्टा सोडला. उंटावरचे शहाणे म्हणाल्या, आणखीही बरंच काही म्हणाल्या. गोळ्यांची डबी काढून घेतली, स्वतःच्या रिळांच्या डब्यात ठेवली आणि सकाळी एक हातावर देईन असं बजावलं. पण पिवळ्याचा आणि गोळीचा काही संबंध असेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गोळी छातीसाठी, पिवळं डोळ्यांत. बाईंना वाटलं, मोतीबिंदू. मास्तरांना वाटलं, शेवट.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालकाचा फोन आला. मास्तरांना दुकानात दोनदा ओकारी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते टेबलावर पडले, त्यांना गाडीत घालून हृदयाच्या डॉक्टरांकडे आणलंय. बाई कापडाच्या चिंध्या अंगाला चिकटलेल्या तशाच धावत गेल्या.

खोलीत मास्तर खाटेवर, छातीला तारा. मालक दाराशी टेकून उभा, बाहीवर रंगाचा ओघळ. मशीनचा आवाज इतका हळू होता की बाई दोन ठोक्यांच्या मध्ये श्वास धरून थांबायला लागल्या. अडतीस, डॉक्टर म्हणाली. जी नाडी धावत होती ती आता पाय ओढत होती. डॉक्टर भराभर विचारत होती. जेवण जातंय का? नाही. मळमळ किती दिवस? महिन्याच्या वर. रक्त तपासायला का आला नाहीत? मास्तर अंगावरच्या तारा चाचपायला लागले. मग तिने वाकून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "काका, दिसण्यात काही फरक? पिवळसर, हिरवट? दिव्याभोवती कडं?"

मास्तरांनी दाराकडे बघितलं. मालक तिथेच होता.

"नाही," ते म्हणाले. "माझी नजर एकदम साफ आहे."

आवाज इतका क्षीण होता की त्यातला ताठा तेवढा ऐकू आला. डॉक्टर सरळ झाली आणि कागदावर काहीतरी लिहायला लागली. आणि बाईंच्या डोक्यात सणक गेली. मशीन बिघडलंय, कंपनीने पिवळं घातलंय, तुझा साबण वाईट, तुझ्या हाताला चव नाही, आणि आता मरायला टेकलाय तरी नजर साफ आहे म्हणतो.

"खोटं सांगताहेत," बाई म्हणाल्या. "यांना महिन्यापासून सगळं पिवळं दिसतंय. पांढरं आणि मोतिया कळत नाही यांना. रिळाचा नंबर वाचून रीळ देतात. दुकानात दार लावून कार्डं बघून रंग करतात. आणि ही गोळी मनाला येईल तेव्हा दीड घेतात, दोन घेतात."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरने हातातला कागद खाली ठेवला. तिने आधी नर्सला हाका मारून रक्त काढायला लावलं आणि ती पांढरी गोळी तत्काळ बंद केली. थोड्या वेळाने, मशीनवरची नजर न हटवता, तिने सांगितलं. गोळी शरीरात साठत गेली होती. लघवीच्या गोळीने रक्तातला पोटॅशियम नावाचा क्षार उतरतो, आणि तो उतरला की हीच गोळी दुप्पट चावते. वर काका अर्धी अर्धी वाढवत होते. आधी भूक जाते, मग मळमळ, मग जग पिवळं दिसतं, आणि त्याच्यापुढे हृदय असं मंदावत जातं की एखाद्या वेळी ठोका येतच नाही. "पिवळं दिसलं त्याच दिवशी फोन केला असतात, तर गोळी बंद करून काम भागलं असतं," ती म्हणाली. "ही गोळी बहुतेकांना सांगून करते जे काय करायचं ते. तुम्ही ऐकून दाबून ठेवलंत."

भिंतीकडे तोंड केलेल्या मास्तरांनी विचारलं, "म्हणजे डोळे गेले नाहीत?"

"डोळे शाबूत आहेत. औषध उतरलं की रंग परत येतील."

मास्तर रडायला लागले. आवाज न करता, तारा लावलेली छाती हलत होती, आणि मशीन त्या हलण्याने उगाचच पीं पीं करायला लागलं. मालक बाहेर निघून गेला. बाईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं तेव्हा त्यांनी बाईंचा हात बाजूला सारला.

पाच दिवस ठेवून घेतलं. क्षार सलाइनमधून मोजून मापून भरला, रोज पट्टी काढली, ठोके हळूहळू पन्नास झाले, साठ झाले. मग डॉक्टरने दुसऱ्या जातीची गोळी दिली, जी छातीलाही सोसते आणि डोळ्यांनाही. कप्पे थरथरायचे तसे थरथरताहेत, ते कदाचित आयुष्यभर थरथरतील, पण नाडी आता आटोक्यात होती आणि गुठळीची भीती रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने दूर ठेवली होती. सातव्या दिवशी सकाळी घरी मास्तर म्हणाले की चादर निळी दिसतेय. बाई म्हणाल्या, आहेच निळी, तुमच्यापायी तीनदा निळीत बुडवली.

मालक घरी भेटायला आला. चांगला वागला. खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला की घाई नाही, बरे व्हा आणि या, गल्ल्याजवळ तुमच्यासाठी आरामाची जागा केलीये. गिऱ्हाइकांशी बोला, त्यांना सल्ला द्या. मागच्या खोलीत मशीन आलंय. "मास्तर, तुमच्यासारखी नजर नाहीच हो त्याला," तो म्हणाला, "पण ते आजारी पडत नाही." मास्तरांनी मान डोलावली. बाईंनी चहा पुढे केला, आणि कुणाकडेही न बघता त्या आत निघून गेल्या.

कारण बाईंना ठाऊक होतं. मालकाला दोन मिनिटं बाहेर थांबा म्हणता आलं असतं. डॉक्टरच्या कानाशी लागता आलं असतं. तेवढा वेळ होता. जीव वाचवायला सांगितलं, हे खरंच. पण चारचौघांत सांगितलं ते रागाने. एकतीस वर्षांत एकदा तरी हा माणूस कुणासमोर चुकलेला दिसू दे, असं त्या क्षणी त्यांना वाटलं होतं, आणि तसा तो दिसला. याबद्दल मास्तर कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता आलं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून नजर पूर्वीसारखी असल्याचं लिहून दिलं. नाडी मोजायचं काम आता बाईंकडे आहे आणि त्यात त्या कुणाचं ऐकत नाहीत. रक्त तपासायची तारीख आली की आदल्या दिवशीच मास्तरांच्या चपला दाराशी काढून ठेवतात. मास्तर दुकानात गल्ल्याजवळ बसतात, लवकर घरी येतात आणि बाईंच्या यंत्राशेजारी खुर्ची ओढून घेतात.

परवा कापडाचा नवा गठ्ठा आला होता. बाईंनी दोन तुकडे त्यांच्या पुढे धरले. दोन्ही पांढरे, बाईंना स्वतःला फरक कळायला उजेडात न्यावे लागले असते. मास्तरांनी एकदाच बघितलं. म्हणाले, डावा साय रंगाचा, उजव्यात किंचित राखाडी, दोन्ही एका खोलीत लावू नकोस. बाईंनी तुकडे खिडकीशी नेले. अगदी बरोबर होतं.

त्या वळल्या तेव्हा मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"बरोबर आहे ना गं?" त्यांनी विचारलं.

या माणसाने एकदा तरी आपल्याला विचारावं म्हणून बाई एकतीस वर्षं चिडत आल्या होत्या. आता तो दिवसातून चारदा विचारतो, आणि प्रत्येक वेळी बाईंना वाटतं, नको विचारूस.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मास्तरांनी पुन्हा एकदा तुकड्यांकडे बघितलं, आणि पुन्हा त्यांच्याकडे.